न सापडलेल्या पोथीवर थ्रिलर लिहिताना

माझी पहिली कादंबरी ऑगस्ट २०२५ मध्ये छापून आली. गोव्यात घडणारी, धर्माचा इतिहास आणि रहस्यकथा यांची सरमिसळ असलेली. तेव्हापासून फोनवर, लग्नकार्यात, एकदा तर खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या कॉलेजच्या मुलाकडून मला दोनच प्रश्न येतात. असलं काही लिहायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि कुणी केस टाकली तर? मी कुडाळला औषधांचं दुकान चालवते. इतिहासाची पदवी नाही, पोर्तुगीज येत नाही. त्यामुळे जे वाटेत लागलं ते लागलं तसंच लिहिते आहे.

जुलै २०२१ मध्ये एक बातमी वाचली. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तिबिलिसीत जाऊन राणी केतेवानचे अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले. या राणीला १६२४ मध्ये शिराझला, धर्म सोडायला नकार दिला म्हणून, हाल करून मारलं होतं. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन पाद्र्यांनी जुन्या गोव्यातल्या आपल्या चर्चमध्ये आणून ठेवला. पुढे ते चर्च ओस पडलं, छत कोसळलं. आज उरलाय तो उंच मनोरा आणि भोवतीच्या भिंती. अस्थी कुठल्या खिडकीपाशी ठेवल्या याची खूण जुन्या पोर्तुगीज कागदांत होती. तिच्यावरून पुरातत्त्व खात्याने शोध घेतला, आणि सापडलेल्या हाडाचा डीएनए हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासला गेला.

मी दोन दिवस हवेत होते. म्हटलं, यावरच लिहायचं. आणि मग लक्षात आलं की यात माझ्यासाठी काही उरलेलंच नाही. खूण आहे, शोध आहे, पुरावा आहे, शेवटही झालेला आहे. फार तर मी त्याला एक पाठलाग चिकटवला असता. मला हवी होती ती अशी जागा, जिथे कागद बोलायचे थांबतात.

ती घरातच होती म्हणायला हरकत नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ आपण शाळेत मराठीच्या कौतुकाच्या चार ओव्यांपुरतं ओळखतो. हा इंग्रज जेझुइट पाद्री २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला, आयुष्य बहुतेक साष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या मडगावकडच्या भागात, घालवलं आणि १६१९ मध्ये गोव्यातच वारला. त्याचं पुराण १६१६ मध्ये राशोलच्या, म्हणजे जुन्या रायतूरच्या, छापखान्यात रोमन लिपीत छापलं गेलं. पुन्हा १६४९ मध्ये, पुन्हा १६५४ मध्ये. तीन आवृत्त्या, आणि तिन्हींची एकही छापील प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून आलेलं. मंगळूरची १९०७ ची रोमन आवृत्ती तशीच हातच्या नकलांवरून तयार झाली. लंडनला मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित आहे. छापील मात्र काही नाही.

चर्चमध्ये रविवारी वाचलं जाणारं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं, तीनदा छापलेलं पुस्तक. ते गेलं कुठे? वाळवी, दमट हवा आणि वापरून वापरून झिजणं ही साधी उत्तरं आहेत, आणि बहुधा तीच खरी आहेत. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं हेही आहे. हा तोच व्हाइसरॉय, ज्याने आदल्याच वर्षी संभाजी महाराजांची फौज गोव्याच्या दारात आल्यावर आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीशी नेऊन ठेवला होता. माझी कादंबरी या दोन वर्षांच्या मधल्या फटीत बसली. एक प्रत कुणीतरी नदीपलीकडे नेली, एवढंच माझं.

२०२१ चा पावसाळा संपेपर्यंत हे ठरलं. पुढचं सबंध वर्ष वाचण्यात गेलं. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. कुडाळहून सकाळची गाडी धरली की दिवसभर बसून रात्री घरी येता येतं. सुरुवात तिथून करा, पुराभिलेखागारातून करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. अभिलेखागारात जाऊन ‘सतराव्या शतकाचं काहीतरी दाखवा’ म्हटलं तर समोरचा माणूस काय देणार? आधी छापील साधनं संपवायची. कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात छापलेले कागद इंटरनेटवर फुकट मिळतात. पिसुर्लेकरांनी आयुष्यभर गोव्याचं दप्तर उलगडलं, त्यांचं पोर्तुगीज-मराठे संबंधांवरचं पुस्तक तर मराठीतच आहे. भारतातल्या छपाईचा इतिहास अ. का. प्रियोळकरांनी १९५८ मध्येच इंग्रजीत लिहून ठेवलाय. हे वाचल्यावर नेमका कुठला खंड, कुठलं वर्ष मागायचं ते कळतं.

अभिलेखागाराला जायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज आणि शिफारसपत्र घेऊन जावं. माझ्याकडे विद्यापीठ नाही, म्हणून आमच्या गावच्या वाचनालयाच्या अध्यक्षांचं पत्र नेलं. काउंटरवरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘बाय, कादंबरी बरयतली?’ म्हणजे लिहिणार? हो म्हटलं तर हसल्या. पण अर्ज आत गेला. काही खंड दुरुस्तीला गेलेले असतात, काही इतके ठिसूळ की हातात देत नाहीत. थांबायची तयारी ठेवायची. डबा न्यायचा, पेन्सिल न्यायची.

पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायला मी एका निवृत्त शिक्षकांना गाठलं. ते पानामागे दोनशे रुपये घेत. आधी महाग वाटले. मग त्यांनी एका वाक्यावर अर्धा तास घालवलेला पाहिला आणि स्वस्त वाटले. पुस्तकात त्या पानांमधलं जेमतेम अर्धं पान उतरलं असेल. तरी १६१६ मध्ये साष्टीतला माणूस कशाने वैतागत होता, कशावरून भांडत होता, जमिनीचा वाद कुणाकडे नेत होता, याचा अंदाज आला तो तिथूनच. आणखी एक: इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाचे, खटले ‘शोधायला’ गोव्यात येऊ नका. ते न्यायालय १५६० मध्ये बसलं आणि १८१२ मध्ये कायमचं उठलं. नंतर त्याचं बहुतेक दप्तर जाळलं गेलं. जे उरलं ते मुख्यतः लिस्बनला आणि रिओ द जानेरोला आहे. ज्या कादंबरीचा नायक पणजीच्या तळघरात खटल्याची फाइल उघडतो ती मी तिथेच मिटते.

याच काळात मी एक वही घातली. सगळ्यांत जास्त उपयोग तिचा झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते. कथेत येणारी प्रत्येक गोष्ट तिच्यात तीन रंगांत लिहायची. निळ्या शाईत कागदाचा आधार असलेली, हिरव्यात परंपरेने सांगितलेली, लाल माझ्या मनातली. स्टीफन्स १६१९ मध्ये वारला हे निळं. टिपू सुलतानाच्या कैदेत श्रीरंगपट्टणला नेलेले मंगळूरचे ख्रिस्ती लोक या पुराणातल्या ओव्यांवर धीर धरून राहिले, असं सांगतात, ते हिरवं. नदीपलीकडे गेलेली प्रत लाल.

निळं आणि लाल सोपं असतं. घाम काढतं ते हिरवं. आमची, म्हणजे सासरची, कुलदेवता म्हार्दोळची म्हाळसा. ती मूळची साष्टीतल्या वेर्ण्याची. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी तिला जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आणलं, कारण तिथे तेव्हा आदिलशाहीचा अंमल होता. मंगेशी कुशस्थळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून. इथपर्यंत ठीक. पण म्हाळसेच्या घंटेची गोष्ट आहे: तिला एरवी लोळी नसे, साक्ष द्यायची असेल तेव्हाच बसवत, खोटं बोलणाऱ्याचं काही खरं नसे, आणि पोर्तुगीज अधिकारीसुद्धा ती साक्ष मानत. थ्रिलर लिहिणाऱ्याला अशी घंटा मिळाल्यावर तो थांबेल का? माझ्या पहिल्या आराखड्यात ती शेवटच्या प्रकरणात वाजत होती आणि खलनायक कोसळत होता.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘घंटेची गोष्ट खरी म्हणून लिहू नकोस, आणि खोटी म्हणूनही लिहू नकोस.’ मग लिहू कशी, विचारलं तर म्हणाल्या, ‘आम्ही सांगतो तशी.’ मी ते शब्दशः घेतलं. पुस्तकात ती गोष्ट एक आजी नातवाला सांगते, नातू विश्वास ठेवत नाही, आणि नंतर घाबरलेला असताना तीच गोष्ट दुसऱ्याला सांगतो. घंटा काही करत नाही. हिरव्या शाईतलं सगळं मी असंच पात्रांच्या तोंडी दिलं, निवेदकाच्या तोंडी एकही वाक्य नाही. श्रद्धा असलेल्याला ते खुपत नाही आणि नसलेल्यालाही आपल्याला फसवलं असं वाटत नाही.

काही गोष्टी वहीत निळ्या असूनही घेतल्या नाहीत. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. त्यांतला एक नदीत उडी टाकून निसटला. मेलेल्या पाद्र्यांचे देह मिळवायला गेला तो हाच स्टीफन्स. नदीत उडी टाकणारा माणूस! त्याला घेऊन तीन पुस्तकं होतील. पण कुंकळ्ळीत त्या प्रमुखांचं स्मारक आहे, त्यांचे वंशज आहेत, आपापली वांगडं, म्हणजे कुळं, त्यांना ठाऊक आहेत. माझ्या कटासाठी मी त्यांच्या एखाद्या पूर्वजाला गुपित सोपवलं असतं, तर उद्या कुणीतरी विचारलं असतं की आमच्या घरात हे कधी होतं? तीनेक महिने मनात घोळवून सोडून दिलं.

प्रत्यक्ष लिखाण जानेवारी २०२३ ते दिवाळी २०२३. पहाटे पाच ते सात, दुकान उघडायच्या आधी. दोन काळ आलटून पालटून ठेवले, १६८३-८४ आणि आजचा. माझ्या मते अशा पुस्तकात जुना काळ एकतृतीयांशापेक्षा जास्त झाला की वाचक पानं उलटतो. कोडं मला रोमन लिपीनेच दिलं. स्टीफन्सच्या पद्धतीत ट, ड, ण असे मूर्धन्य वर्ण दाखवायला अक्षर दोनदा लिहितात. समजा एका नकलेत जिथे गरज नाही तिथेही अक्षरं दुप्पट झाली आहेत. नकलकार अडाणी होता, की काही सांगत होता? हे सुचलं त्या सकाळी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

जागा पायांनी मोजाव्यात, गूगलवर नाही. माझा पाठलाग दुर्भाट ते रासई फेरीबोटीवर होतो. बोट सुटायला किती वेळ थांबते, पलीकडून येणारी आधी लागते का, फळी टाकल्यावर दुचाकी आधी उतरते की माणसं, हे सगळं उभं राहून पाहिलं. माझ्या खलनायकाला फेरी चुकते आणि त्याला बोरीच्या पुलाने वळसा घालावा लागतो. त्या वळशावर सगळा शेवट टेकला आहे. तारखांसाठी एक सूचना: पोर्तुगालने ऑक्टोबर १५८२ मध्ये दिनदर्शिका बदलली, मधले दहा दिवस गाळले. त्याआधीची पोर्तुगीज तारीख आणि शकाची तिथी जुळवायची असेल तर जंत्रीत आपण कुठल्या पद्धतीत आहोत ते पाहून घ्या.

मग वाचक. चार जणांना दिलं: सासूबाई, एक इतिहासाचे शिक्षक, फक्त थ्रिलर वाचणारा माझा भाचा, आणि मडगावकडच्या एक सत्तरीच्या ख्रिस्ती बाई, ज्यांच्या आईला पुराणातल्या ओव्या येत असत. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. पदर खोचून, निवडायचं घेऊन त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘बाय, हो फादर इतलो वायट कित्याक?’ हा फादर इतका वाईट कशाला?

आजच्या काळातला माझा खलनायक एक पाद्री होता. का होता? कारण असल्या पुस्तकांत असतो. झग्यातला माणूस, तळघर, मेणबत्ती, बस. मी त्यांना काहीबाही उत्तर दिलं, आणि बसमध्ये विचार करत आले. पाद्र्याला त्या पोथीतून काय मिळणार? त्याला ती मिळाली तर तो आनंदाने जगाला सांगेल. जिच्या प्रसिद्धीने नुकसान होईल असा माणूस कोण? जुन्या वस्तू गुपचूप परदेशी विकणारा दलाल. तो आला आणि सगळ्या प्रकरणांची हालचाल सुटसुटीत झाली. फादर राहिले, पण पोथ्यांच्या कपाटाची किल्ली हरवणारे, मधुमेही, नायकाला चहाबरोबर बेबिंका देणारे. ते लिहिताना मला सगळ्यांत मजा आली. देऊळवाल्या बाजूचा एक लबाडही मी घातला होता, ‘तोल’ म्हणून. भाच्याने तो ओळखला, ‘मामी, हा फक्त समानतेसाठी आहे.’ तो काढला.

एप्रिल २०२४ मध्ये प्रकाशकांना पाठवायला सुरुवात केली. संपूर्ण संहिता नाही. दोन पानी गोषवारा आणि पहिली तीन प्रकरणं. बहुतेकांकडून काहीच उत्तर येत नाही. तीन महिने थांबून एक फोन करावा, त्यापेक्षा जास्त करू नये. एकाने ‘दोनशे प्रती तुम्ही आधी विकत घ्या’ म्हणून सांगितलं. दुसऱ्याला फार आवडलं. पण २१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात झेवियरच्या शवप्रदर्शनाचा सोहळा होता, दर दहा वर्षांनी होतो तो. त्याच आठवड्यात पुस्तक यावं, मुखपृष्ठावर रक्त ठिबकणारा क्रूस असावा, म्हणजे ‘चर्चा होईल’, असं त्यांचं म्हणणं. मला कसली चर्चा ते दिसत होतं. सही केली नाही. त्या रात्री झोपही आली नाही, कारण दुसरं कुणी विचारत नव्हतं.

वकिलांकडे मी याच सुमारास गेले. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. जुन्या दंडसंहितेचं २९५-अ आता कलम २९९. धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने, जाणूनबुजून आणि दुष्टाव्याने केलेल्या लिखाणाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ऐकून घसा कोरडा पडला. वकील म्हणाले, सगळा भर हेतूवर आहे, आणि तुमची वही हा तुमच्या हेतूचा कागद आहे, जपून ठेवा. त्यांनी माझी संहिता वाचून अकरा जागी खुणा केल्या. बहुतेक ठिकाणी निवेदक काहीतरी ठामपणे म्हणत होता, ते वाक्य पात्राकडे द्यायचं एवढंच. मृत व्यक्तीबद्दल लिहिलेलंही, वारसांना दुखावण्यासाठी असेल तर, बदनामीत येऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. कुंकळ्ळी सोडली ते बरं झालं. फी पंधरा हजार. घरात कुणालाच पटली नाही, मला पटली.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क तुमचाच असतो. तरी मी केली. ऑनलाइन अर्ज, साहित्यकृतीला ५०० रुपये, डायरी नंबर मिळतो, मग आक्षेपांसाठी तीस दिवस थांबणं. ते तीस दिवस म्हणजे सगळं नव्हे, त्यानंतर खरी वाट पाहणी सुरू होते. प्रमाणपत्र येईपर्यंत माझं पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं.

शेवटी जानेवारी २०२५ मध्ये एका छोट्या प्रकाशकांशी करार झाला. पाचशे प्रती, छापील किमतीवर दहा टक्के मानधन. करारात एक कलम असतं: काहीही दावा झाला तर सगळा खर्च लेखकाचा. आपल्या विषयात हे कलम डोळे मिटून सोडायचं नाही. मी म्हटलं, उचलेगिरी निघाली तर जबाबदारी माझी. पण जे तुम्ही वाचून, संमत करून छापलं त्याच्यावरच्या खटल्यात दोघांचा वाटा. दोन आठवडे निरोपानिरोपी झाली आणि त्यांनी मानलं. ऑडिओ, अनुवाद आणि वेबमालिकेचे हक्क वेगळे लिहून घ्या. आयएसबीएन प्रकाशकच घेतात, सरकारी पोर्टलवर तो फुकट मिळतो. त्याचे कुणी पैसे मागत असेल तर समजून जा.

अक्षरजुळणीत चार महिने गेले. माझी फाइल युनिकोडमध्ये, त्यांची मांडणी श्रीलिपी या फॉन्टमध्ये. रूपांतरात जोडाक्षरं फुटली, आणि कोड्यातली रोमन अक्षरं तर गायबच. दुप्पट अक्षरं पाहून मुद्रितशोधकांनी ती चूक समजून नीट केली, म्हणजे माझं कोडंच सोडवून टाकलं! तिसऱ्या प्रुफाला त्या पानांवर लाल पेनाने ‘हात लावू नये’ लिहून दिलं. तुमच्या पुस्तकात मुद्दाम वाकडं काही असेल तर पहिल्याच दिवशी वेगळ्या कागदावर यादी द्या.

पुस्तकाच्या शेवटी मी तीन पानांचं टिपण जोडलंय, काय घडलेलं, काय सांगितलं जाणारं आणि काय माझं, वहीतल्या त्याच क्रमाने. तरी महिन्याला दोन-तीन मेल येतात, की ती १६१६ ची प्रत सध्या कुठल्या संग्रहालयात आहे, रविवारी बघायला मिळेल का. म्हणून मी प्रकाशकांना म्हटलं, पुढच्या आवृत्तीत टिपण सुरुवातीला घेऊ. त्यांचं म्हणणं, पहिल्या पानावर रहस्य फोडलं तर पुस्तक कोण घेईल? निम्मं पुढे, निम्मं मागे असा तोडगा मी काढलाय. अजून त्यांचा फोन आलेला नाही.